भूतबंगला, देणगीमूल्य तीस रुपये

२० ऑगस्ट, बुधवार. सकाळी ७.१०

आजपासून रोज डायरी. डायरी २०२३ ची आहे, ऑफिसातून मिळालेली, निम्मी कोरी. वार जुळत नाहीत, ते खोडून लिहीन. चांगला कागद फुकट घालवणं माझ्या स्वभावात नाही.

संकल्प. रोज सहाला उठणे. (आज सात. उद्यापासून सहा.) बेडरूममधलं कपाट आवरणे. समाजासाठी काहीतरी भरीव करणे. चौतीस वर्षं उरणच्या बाजूला पोर्टच्या ऑफिसात कंटेनरचं प्लॅनिंग केलं. कुठला कंटेनर कुठे, कधी, कशावर, सगळं या डोक्यात. तेच डोकं रिटायर झाल्यापासून जुईनगरच्या वन बीएचकेत बसून गंजतंय.

कपाटाचं कुलूप अडकतं. तेल घालायला हवं. तेल आणायचं राहिलंय.

झोपतो सध्या बाहेरच्या खोलीत, दिवाणावर. बेडरूमपेक्षा तिथला पंखा बरा आहे. शुभदा गेली तेव्हापासून, म्हणजे दीड वर्षापूर्वी, हे लक्षात आलं. इतकी वर्षं उगाच आत झोपलो.

२४ ऑगस्ट, रविवार

सोसायटीची मीटिंग. मी प्रस्ताव मांडला. सगळे गप्प झाले, म्हणजे प्रभाव पडला.

प्रस्ताव असा. खारघरला आठ-दहा बायका मिळून कॅन्सरच्या पेशंटबरोबर राहणाऱ्या नातेवाइकांना रोज दुपारी डबा देतात. 'सोबत' नावाचं मंडळ. त्यांची डबे न्यायची व्हॅन बंद पडली आहे. तिच्यासाठी आपण पैसे उभे करायचे. ऑर्केस्ट्रा, हळदीकुंकू, फनफेअर हे सगळं जुनं झालं. आपण भूतबंगला करू. क्लबहाऊसमध्ये अंधार, चार खोल्या, सोसायटीचेच लोक भुतं. देणगीमूल्य माणशी तीस रुपये.

शुभदाच्या आजारपणात चार महिने मी तो डबा खाल्ला आहे, पण तो मुद्दा नाही. मुद्दा सामाजिक आहे. गवारीची भाजी चांगली असायची.

सेक्रेटरी वामनराव म्हणाले, लिफ्टच्या दुरुस्तीलाही थोडे द्या. मी म्हटलं, लिफ्ट ही संस्था नाही. पुढे ते म्हणाले, गणपती गेले की क्लबहाऊस पंधरा दिवस रिकामंच असतं, एक बुकिंग नसतं, फुकट घ्या. लगेच टाळ्या. स्वयंसेवक म्हणून चौदा हात वर झाले. मला एकमताने अध्यक्ष केलं. दुसरं नावच आलं नाही.

क्लबहाऊस त्या पंधरा दिवसांत रिकामं का असतं, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही.

१ सप्टेंबर, सोमवार. दुपारी

पुण्याहून अक्षताचा फोन. पंधरा तारखेला अविधवा नवमी आहे म्हणाली. नवऱ्याच्या आधी, सवाष्ण गेलेल्या बाईचा पितृपक्षातला दिवस. गेल्या वर्षी आईला वर्ष व्हायचं होतं म्हणून काही केलं नाही, यंदा तिचं पान वाढायचं. मी रजा टाकलीय, ईश्वरीलाही शाळा बुडवून आणते, स्वयंपाक मीच करीन. बाबा, तुम्ही काही करू नका, फक्त बारा वाजता घरी असा. 'फक्त' दोनदा म्हणाली. आणि आईची आमसुली इरकल काढून ठेवा, पानाशेजारी ठेवायची आहे. नंतर मी नेईन ती.

हो म्हटलं. एवढं दोनदा सांगण्यासारखं त्यात काय आहे? मी रिटायर माणूस, घरी नसेन तर कुठे असेन?

फक्त एकदा नव्हतो. त्या दिवशी हॉस्पिटलात डबा घ्यायला खाली गेलो होतो. वीस मिनिटं. रांग मोठी होती. वर आलो तेव्हा अक्षता कॉटशेजारी उभी होती आणि नर्स पडदा ओढत होती. अक्षता त्यावर कधी एक शब्द बोलली नाही. समजूतदार मुलगी आहे. मी ही गोष्ट मनाला लावून घेतलेली नाही.

कामाचं: काळं कापड, काळा कागद, झीरोचे बल्ब, प्लास्टिकचा सांगाडा. वाशीला स्वस्त मिळतो म्हणे.

८ सप्टेंबर, सोमवार

पितृपक्ष लागला. सकाळपासून फोन.

जोशीवहिनी म्हणाल्या, सासूबाईंना चालणार नाही. दुसऱ्या मजल्यावरचे म्हणाले, आमच्या वडिलांची पंचमी आहे, त्याच आठवड्यात भूत कसं होऊ, बरं दिसतं का? सौरभ नावाचा आयटीतला एक हुशार माणूस आहे, सांगाडा हलवायचं मशीन करणार होता. त्याची आई म्हणाली, हे पंधरा दिवस ते लोक खरंच येतात, तुम्ही अजून बोर्ड लावून कशाला बोलावताय?

दुपारपर्यंत चौदा स्वयंसेवकांतले तेरा गेले. उरला धम्मपाल. तिसऱ्या मजल्यावर राहतो, बँकेत आहे, पन्नाशीचा. म्हणाला, साहेब, टेन्शन नका घेऊ. आमच्यात पितृपक्ष नाही, भूत पण नाही. मी एकदम मोकळा आहे.

शिवाय बिल्डिंगची झाडलोट करणाऱ्या चांगुणाबाई. गावठाणातल्या आहेत, साठीच्या पुढे. त्या म्हणाल्या, मना कोनाचं भ्याव? जित्त्या मानसांचा कचरा मी रोज उचलते.

तिघंच, पण निवडक. कमी माणसांत काम नीट होतं हा माझा पोर्टवरचा अनुभव. (पोर्टवर माझ्या हाताखाली बावीस जण होते, पण ते वेगळं.)

१० सप्टेंबर, बुधवार. सायंकाळी ६

चार खोल्या झाल्या. पहिलीत कोळ्याची जाळी, दुसरीत सांगाडा, तिसरीत पोतं पांघरून धम्मपाल. चौथी शेवटची आणि मुख्य. तिथे आरामखुर्चीत हडळ बसलेली. कपड्यांच्या दुकानातला मोडका पुतळा धम्मपालने आणला आहे. मान ढिली आहे. त्याने मानेला दोरी बांधली. पडद्याआडून ओढली की पुतळा मान डोलावतो. मागे काळा झगा घालून मी उभा. लोक पुतळ्याकडे बघत असताना मी पुढे येणार. हा माझा खास शोध.

अडचण साडीची. सोसायटीत कोणी हडळीला साडी द्यायला तयार नाही. हडळ पांढऱ्या साडीत असते आणि पांढरी साडी कोणाकडे नसतेच, असं धम्मपाल म्हणाला. चांगुणाबाईंनी त्याला वेड्यात काढलं. म्हणाल्या, हडळ पांढऱ्या लुगड्यात कदी नसते. ती सवाष्न मेलेली बाय. हिरवं, लाल, काय बी नेसंल, पन पांढरं नाय.

या माहितीची नोंद घेतली.

शेवटी अध्यक्षाने आदर्श घालून द्यायला हवा म्हणून मी चांगुणाबाईंना घरी नेलं. किल्ली दिली. म्हटलं, बेडरूममधलं कपाट, खालचा कप्पा, कुठलीही जुनी काढा. तशाही तिथे साड्या नुसत्या पडून आहेत. मी बाल्कनीत थांबलो. कुंड्यांना पाणी घालायचं होतं.

आतून त्यांनी विचारलं, सायब, ही नेऊ का? मी म्हटलं, न्या. पुन्हा विचारलं, नीट बगून बोला, ही नेऊ? मी म्हटलं, अहो न्या. कुंडीतलं पाणी वाहून खाली गेलं, पहिल्या मजल्यावरच्या बाई ओरडल्या.

एक बरं झालं. कपाट आवरायचा संकल्प थोडाफार पूर्ण झाला.

१२ सप्टेंबर, शुक्रवार. रात्री जेवणानंतर

रंगीत तालीम. धम्मपाल म्हणाला, हडळीच्या पदरावर लाल रंग टाकू, रक्तासारखा. मी म्हटलं, नको. का, म्हणाला. मी म्हटलं, रंग महाग आहे.

चांगुणाबाईंनी पुतळ्याला साडी फार नीट नेसवली आहे. निऱ्या एकसारख्या. पदर खांद्यावरून पुढे घेऊन कमरेला खोचलेला. असा पदर खोचायला मी त्यांना सांगितलं नव्हतं. म्हणाल्या, वहिनी तशाच खोचायच्या ना, वळण पडलंय साडीला.

झीरोच्या बल्बात रंग कळत नाही. काळपट दिसतो. तो आमसुली असेलच असं नाही. इरकली बऱ्याच असतात. शुभदाचं माहेर सोलापूरकडचं, तिच्याकडे चार-पाच तरी असतील. आमसुली वरच्या कप्प्यात असणार. रविवारी बघून ठेवीन.

भुतांसाठी नियम केले आणि कागदावर चिकटवले. घड्याळ घालायचं नाही. मोबाईल तिकिटाच्या टेबलावर ठेवायचा, कारण स्क्रीनचा उजेड पडतो. पाहुण्यांशी घरगुती बोलायचं नाही.

१३ सप्टेंबर, शनिवार. उद्घाटन

प्रतिसाद उत्तम. अठरा माणसं. त्यातली सात शेजारच्या सोसायटीतली मुलं, ती दोनदा आली. दुसऱ्या वेळी सांगाड्याला गॉगल घालून गेली.

घाबरलेले: निश्चित असा कोणी नाही. एक बाई माझ्या अंगावर येण्याने दचकल्या असं मला वाटलं, पण त्यांना ठेच लागली होती. पोतं पांघरलेल्या धम्मपालला एकाने होम लोनचा व्याजदर विचारला. धम्मपालने सांगितला. नियमभंग. नंतर समज दिली.

मी चौथ्या खोलीत पाच तास उभा होतो. तसं पाहिलं तर बसलो होतो. हडळीसमोर एक स्टूल आहे. दोन पाहुण्यांच्या मधे पाऊण पाऊण तास जातो, माणूस किती उभा राहील? समोर नुसतं बघत बसणं विचित्र वाटतं, म्हणून मी दोन शब्द बोललो. लिफ्ट बंद आहे, दूधवाला बदलला, असं जनरल. धम्मपालला वाटलं पाहुणे आले. त्याने दोरी ओढली. तिने मान डोलावली.

शुभदाने एकतीस वर्षांत माझ्या कुठल्या बोलण्याला इतक्या पटकन मान डोलावली नव्हती. हडळीचा पुतळा म्हणतोय मी. तुलना म्हणून लिहिलं.

१४ सप्टेंबर, रविवार. रात्री ९

आज कोणी आलं नाही. मॅच होती. मॅचपुढे खरं भूत असतं तरी कोणी आलं नसतं.

दिवसभर चौथ्या खोलीतच होतो. धम्मपाल म्हणाला, साहेब, मॅच बघायला वर चला, चहा करायला सांगतो. मी म्हटलं, एखादा पाहुणा आला तर? तो गेला. त्याची दोरी मी टेबलफॅनच्या जाळीला बांधली. फॅन फिरला की मान हलते. तांत्रिक सुधारणा.

तिला सगळं सांगितलं. ईश्वरीचे पुढचे दोन दात पडलेत. अक्षताला प्रमोशन मिळालंय, पण केस गळतात म्हणते. कपाटाचं कुलूप खरं तर अडकत नाही, हेही सांगितलं. त्या रांगेचं सांगायला घेतलं होतं, तेवढ्यात वामनराव आले.

म्हणाले, मुणगेकर, संपलं ना? उद्या सकाळी रिकामं करा, नवरात्राच्या मंडपाचं सामान यायचंय. मी म्हटलं, लोकांचा फार आग्रह आहे, एक दिवस वाढवावा लागेल. ते म्हणाले, कुठले लोक? मी म्हटलं, जनरल. उद्या संध्याकाळपर्यंत मुदत मिळाली. बोर्डावर 'लोकाग्रहास्तव एक दिवस अधिक' असं लिहून लावलं. अक्षर सुंदर आलं.

धम्मपाल म्हणाला, साहेब, सोमवार आहे, मला बँक आहे. त्याने बोर्ड वाचला. मग म्हणाला, उद्या वहिनींचं काहीतरी आहे ना घरी? माझी मिसेस म्हणत होती, अक्षता येणार आहे. मी म्हटलं, ते बाराला आहे, मी अकराला मोकळा होतो. प्लॅनिंग माझ्यावर सोड.

आमसुली इरकल वरच्या कप्प्यात बघायची राहिली. उद्या सकाळी सहाला.

१५ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ११

साडेसातला उठलो. नऊला अक्षता आणि ईश्वरी आल्या. अक्षताने येताना भोपळा, अळूची पानं, सगळं आणलं. पदर नाही तर ओढणीच, पण कमरेला खोचून लगेच ओट्याशी उभी राहिली. घरात खिरीचा वास. बऱ्याच दिवसांनी गॅसच्या दोन शेगड्या एकदम पेटल्या.

तिने विचारलं, साडी काढून ठेवलीत? मी म्हटलं, ठेवतो, घाई काय? ती म्हणाली, बाबा, बाराला बसायचं. मी म्हटलं, क्लबहाऊसचा मेन स्विच तेवढा बंद करून येतो. पाच मिनिटं.

सायंकाळी ५.२०

घडलं ते क्रमाने लिहितो.

अकरा वाजून दहा मिनिटांनी क्लबहाऊसमध्ये गेलो. मोबाईल तिकिटाच्या टेबलावर ठेवला, घड्याळ काढलं. नियम म्हणजे नियम. झगा घातला. तो का घातला ते सांगता येणार नाही. मेन स्विच बंद करायच्या आधी फॅन एकदा तपासावा म्हणून चौथ्या खोलीत गेलो आणि स्टुलावर बसलो.

काल अर्धवट राहिलेलं पूर्ण केलं. रांग मोठी होती हे खरं आहे, पण माझा नंबर आल्यावर मी लगेच वर गेलो नव्हतो. डबा घेऊन खालीच बाकावर बसलो आणि जेवलो. सगळा डबा संपवला, गवारीची भाजी होती. मला वर जायचं नव्हतं. चार महिने रोज वर जाऊन तिच्याकडे बघून हसायचं, त्या दिवशी म्हटलं, दहा मिनिटं नको. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. तिला सांगितलं. फॅन फिरत होता. ती मान डोलावत होती.

मला वाटलं, पाच मिनिटं झाली असतील.

पहिल्या खोलीत हसण्याचा आवाज आला. ईश्वरी. जाळी बाजूला करत, सांगाड्याला हाय म्हणत ती थेट चौथ्या खोलीत आली. मागे अक्षता. मी पडद्याआड जायला हवं होतं, गेलो नाही. दोघी दारात थांबल्या.

ईश्वरी म्हणाली, आई, आजीची साडी.

मी काय म्हणालो? मी म्हणालो, तिकिटं काढलीत का?

अक्षता नाही म्हणाली. मी म्हटलं, असू दे, घरच्यांना फ्री आहे. नंतर विचारलं, बारा वाजले का? ती म्हणाली, बाबा, पावणेदोन.

टेबलावरच्या मोबाईलवर तिचे नऊ मिस्ड कॉल होते, ते नंतर पाहिले. कपाट तिने उघडलं होतं. साडी दिसेना म्हणून सगळं कपाट उपसलं. सवाष्ण म्हणून बोलावलेल्या समोरच्या वहिनी तासभर थांबल्या, जेवल्या, ओटी घेऊन गेल्या. शुभदाचं पान वाढलेलं होतं आणि समोर कोणी नव्हतं. शेवटी जिन्यात चांगुणाबाई भेटल्या. त्यांनी सांगितलं, साडी खाली हाय, आन सायब बी तितंच हायेत. मी तुमच्या बाबास्नी दोनदा इचारलं व्हतं, नीट बगून बोला म्हनून.

अक्षता ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली असती तर उत्तर तयार होतं. संस्थेचं काम, व्हॅन, लोकाग्रह. ती जमिनीवर बसली, हडळीच्या पायाशी, आणि झीरोच्या बल्बात निऱ्यांवरून हात फिरवत राहिली. ईश्वरी माझ्या झग्याची बाही धरून उभी होती.

मी म्हटलं, मी तेव्हाही नव्हतो आणि आजही नव्हतो. एवढंच बोललो, बाकावरचं नाही. ते अजून सांगायचं आहे.

त्यावर ती म्हणाली, मीच पाठवलं होतं ना तुम्हाला. तुम्ही सकाळपासून उपाशी होतात. मीच म्हणाले, जा, जेवून या, आई झोपलीय. मला काय माहीत होतं? दीड वर्ष मला वाटतंय की तुम्ही त्याचा राग धरलाय. म्हणून फोनवर नीट बोलत नाही, कपाटाला हात लावू देत नाही.

मी राग कसा धरणार? तिने पाठवलं होतं हे मला आठवतही नव्हतं. मला फक्त बाक आठवतो.

मग मी रडलो. काळा झगा घालून, स्टुलावर बसून, नातीसमोर. लिहायला लाज वाटते, पण घडलं ते लिहायचं ठरलं आहे. ईश्वरी आधी हसली, तिला वाटलं भूत असंच करतं. नंतर हसायची थांबली आणि माझ्या मांडीवर येऊन बसली. आजोबा, पुरे आता, म्हणाली.

फॅन अक्षताने बंद केला. मान थांबली. तिने एकेक सेफ्टी पिन काढून ईश्वरीच्या हातात दिली आणि साडी सोडवली. खाली नुसता मोडका पुतळा निघाला, एक हात नसलेला. साडी नऊ ठिकाणी चुरगळली होती, पण डाग एकही नाही. लाल रंग महाग होता ते बरं झालं.

साडीची घडी एकट्याला नीट घालता येत नाही. दोन टोकं तिने धरली, दोन मी. शुभदा रोज संध्याकाळी दोरीवरच्या साड्या काढून मला हाक मारायची. मी पेपर वाचत असायचो. एका हाताने टोक धरायचो, बघायचोही नाही. ओढा जरा, म्हणायची. अक्षताही तेच म्हणाली, बाबा, ओढा जरा. मी दोन्ही हातांनी ओढली. मग एकमेकांकडे चालत गेलो, टोकाला टोक लावलं, ती मागे गेली, पुन्हा मी पुढे गेलो. सहा वार फार नसतात. लवकर संपलं.

घरी आलो. पानाशेजारी साडी ठेवली. खीर गार झाली होती, वडे मऊ पडले होते. अडीच वाजता पान गच्चीवर ठेवलं. वेळ टळून गेली होती. पंधरवड्यात सगळ्यांकडे जेवून कावळेही सुस्त, पाण्याच्या टाकीवर बसून होते. आम्ही तिथे उभे राहिलो नाही. खाली येऊन जेवलो. गवारीची भाजी अक्षताने केली होती. मी वाढून घेतली आणि मग ती खाववली नाही. ती बघत होती, तिने माझ्या पानातली भाजी स्वतःच्या पानात घेतली.

चारच्या गाडीने त्या गेल्या. साडी तिने नेली नाही. म्हणाली, तुमच्याकडे राहू दे सध्या.

१६ सप्टेंबर, मंगळवार. सकाळी ८.४०

सहाचा संकल्प होता. असो.

काल संध्याकाळी 'सोबत'च्या दोघी बायका देणगी घ्यायला आल्या. जमलेली रक्कम पाहून त्या फार आनंदल्या असं मी काल इथे लिहिणार होतो. व्हॅनच्या चार चाकांपैकी एखादं येईल कदाचित. धम्मपालने बँकेतून आल्यावर मुकाट्याने स्वतःचे घातले, म्हणून तेवढं तरी. त्यातल्या एकीने मला ओळखलं. म्हणाल्या, तुम्ही ते शेवटच्या दिवशी खालच्या बाकावर बसून जेवलात ना? रिकामा डबा धुऊन परत देणारे तुम्ही एकटेच. बुधवारी वाढायला माणसं कमी पडतात, येता का? मी म्हटलं, बघतो, माझं प्लॅनिंग बघून सांगतो. मग त्या जिन्यापर्यंत गेल्यावर मागे जाऊन म्हटलं, येतो.

बाकावरचं त्यांना माहीत होतं. दीड वर्ष मला वाटत होतं, कोणी पाहिलं नाही.

क्लबहाऊस रिकामं करून दिलं. वामनरावांनी विचारलं, काय मुणगेकर, किती लोक घाबरले? मी म्हटलं, मोजले नाहीत.

रात्री साडी कपाटात ठेवायला बेडरूममध्ये गेलो. कुलूप पहिल्या फेरीत उघडलं. कपाटातून तिच्या पावडरचा वास आला. दार लावून घेणार होतो, पण उघडंच ठेवलं आणि तिथेच, माझ्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून आडवा झालो. मला शुभदाची आठवण येते. हे इथे एकदा लिहून ठेवायला हवं होतं, पहिल्याच पानावर.

झोप लागली नाही. पंखा बघत होतो. तीनवर छान फिरतो. आवाज नाही, वारा सगळ्या पलंगावर लागतो, तिच्या बाजूलाही. बाहेरच्या खोलीतला पंखा याच्यापेक्षा बरा नाही. कधीच नव्हता.